वीज आली की तळमजला

३ फेब्रुवारी

डबी बोलली. दुपारी जेवणाच्या टेबलावर शेवटची तार जोडली, बाजूचा खटका सरकवला आणि डबी म्हणाली, "नमस्कार. मी बरी आहे." आवाज हिचाच. थोडा बसलेला, शेवटच्या शब्दावर हसू फुटायला आलेलं. मी टाळ्या वाजवल्या. ही भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, डबीकडे पाहिलं आणि पुन्हा सुरी उचलली.

दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. पण नवं यंत्र बसवलं की सुरुवातीचे काही आठवडे टिपणं ठेवायची ही लिफ्टच्या धंद्यातली शिस्त. उभी हयात मी लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिले. दारात कुणी पाय घातला तर काय करायचं, सहाव्यावर आणि दुसऱ्यावर एकदमच बटण दाबलं गेलं तर आधी कुठे जायचं, हे लिफ्टला कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. तो सांगणारा मी. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि त्यानंतर लगेच हिचं घशाचं निघालं.

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता मानेभोवती रुमाल, आणि गळ्यात दोरीने लटकवलेली छोटी पांढरी पाटी आणि मार्कर. ही बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत होती. तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की शिकणाऱ्याचा पाय आपोआप क्लचवर जायचा. "आरसा काय भांग पाडायला लावलाय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. दोन चौक पलीकडे ऐकू जायचं.

फोनमध्ये बोलणारी ॲप असतात, लेकीने दोन घालूनही दिली होती. पण आधी फोन उघडा, मग ॲप उघडा, मग वाक्य शोधा. तोवर समोरचा विषय बदलून मोकळा. मला हवं होतं ते न बघता, बोटांनी चाचपून बोलण्याजोगं. म्हणून ही डबी. तळहाताएवढी, वर लिफ्टची आठ गोल बटणं, खाली सरकणारा छोटा कीबोर्ड. बटणांतलं मला कळतं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी हिला कपड्यांच्या कपाटापुढे बसवून आठ वाक्यं बोलून घेतली होती. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. "हो." "नाही." "नमस्कार. मी बरी आहे." "चहा घेणार का?" "पाणी हवंय." "जरा थांबा." "धन्यवाद." "काळजी करू नका." ही म्हणाली होती, "एवढंच? मला अजून बरंच बोलायचंय." मी म्हटलं, घसा दमेल, बाकीचं नंतर यंत्राच्या आवाजात घालता येईल. आठ बटणं, आठ वाक्यं, हिशेब चोख.

६ फेब्रुवारी

डबीच्या आतली खुबी इथे लिहून ठेवतो, कारण घरात ती ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही.

वीज गेली आणि परत आली की लिफ्टला वाटत असतं, आपण चौथ्या मजल्यावर आहोत. ते खरं असेलच असं नाही. मधल्या काळात कुणी हाताने दोर फिरवून तिला खाली आणलं असेल. जुन्या आठवणीवर भरवसा ठेवून लिफ्ट निघाली तर दार भिंतीसमोर उघडायचं. म्हणून वीज येताच, मुख्य प्रोग्रॅम जागा व्हायच्या आत, एक छोटा प्रोग्रॅम आपसूक चालतो. आठवत असेल ते सगळं विसर, हळूहळू तळमजल्यावर ये, दार उघड, मग पुढचं बघू. त्याला इनिशियलायझेशन असं भारदस्त नाव आहे. आम्ही नुसतं 'इनिट' म्हणायचो. घरातले उठायच्या आत कुणी केर काढून, दूध तापवून ठेवावं, तसं त्याचं काम. त्याला कुणी हाक मारत नाही आणि तो झाला हे कुणाला कळतही नाही. माझ्या इनिटने आयुष्यात कुणाला भिंतीसमोर उतरवलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

डबीलाही तेच दिलंय. चालू केली की आठही बटणांवर आठ वाक्यं जागच्या जागी, आणि डबी आपणहून म्हणते, "नमस्कार. मी बरी आहे." भेटणारा पहिल्यांदा तेच विचारणार, मग उत्तर आधीच दिलेलं बरं. हिला आठांपलीकडचं काही बोलायचं असलं तर बटण दाबून धरायचं, कीबोर्डवर वाक्य लिहायचं आणि 'साठवा' दाबायचं. मग त्या बटणावर ते वाक्य येतं. मात्र ते बोलतं यंत्र, सपाट आवाजात, बँकेच्या फोनवरच्या बाईसारखं. हिच्या आवाजाची सर त्याला नाही.

मी डबी टेबलावर चार्जरला लावून दिवसभर चालू ठेवली होती. एकदाही अडखळली नाही.

९ फेब्रुवारी

शेजारच्या काकू पाय मोडून पडल्यात. भेटायला गेलो. ही पलंगाजवळ बसली, काकूंचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने डबी चालू केली. डबी ठणकावून म्हणाली, "नमस्कार. मी बरी आहे."

काकू म्हणाल्या, "तुम्ही आहात हो बऱ्या, माझं बघा!"

सगळे हसले. हीसुद्धा हसली असेल, मी मागे उभा होतो. निघताना तिने डबी बंद करून पर्समध्ये टाकली. मी म्हटलं, चालू राहू दे, बॅटरीला दोन दिवस मरण नाही. पण हिला कुठलीच गोष्ट चालू ठेवून सोडवत नाही. खोलीतून निघताना दिवा, नळ सोडताना पुन्हा एक पीळ, गाडी सोडताना चावी. शिकणाऱ्यांनाही पहिला धडा तोच असायचा.

१२ फेब्रुवारी

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन आला. चांगला माणूस. "बाई कधी येणार? आम्ही महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतोय, पण पुढे मलाही कुणी बघावं लागेल. शिकणाऱ्यांना त्यांचं बोलणं कळलं की झालं, बाकी त्यांच्या हाताखाली डोळे मिटून गाडी देतो."

मी सांगितलं, अजून विश्रांती सांगितली आहे, बघू. घशाच्या डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही, पण विश्रांती वाईट कुणाला? ही आत कपडे वाळत घालत होती, उगाच हाक मारून तिला मध्ये आणलं नाही.

नोकरी होती तेव्हा मी घरी यायचो आणि ही नसायची. आता दिवसभर घर भरलेलं वाटतं.

१५ फेब्रुवारी

सकाळी ही डबी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि पाटीवर लिहिलं, "माझं गेलं."

काय गेलं? तिने म्हणे काल दोन बटणांवर स्वतःची वाक्यं घातली होती. आज तिथे परत "पाणी हवंय" आणि "जरा थांबा."

मी विचारलं, "'साठवा' दाबलं होतंस का?"

मान हलवली. हो.

"नीट दाबलं होतंस? नुसता स्पर्श नाही चालत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती हँडब्रेक न काढता गाडी पळवणाऱ्याकडे बघते. मी 'साठवा'शेजारी चिठ्ठी चिकटवली: "जरा वेळ दाबून धरा." वापरणारा घाईत असतो, हे धंद्यातलं जुनं सत्य. लिफ्ट येत नाही अशा तक्रारी यायच्या आणि आमचा माणूस जाऊन बघायचा तर बटणच दाबलेलं नसायचं.

१९ फेब्रुवारी

पुन्हा तेच. या वेळी पाटीवर एकच शब्द: "परत."

मी बॅटरी बदलली. कीबोर्डची पट्टी काढून साफ केली. 'साठवा'खालची स्प्रिंग बदलली, जुनी चांगली होती तरी. मग एका बटणावर "उद्या पाहुणे आहेत" असं घालून डबी टेबलावर चार्जरला लावून ठेवली. संध्याकाळी दाबून पाहिलं, "उद्या पाहुणे आहेत." जशीच्या तशी. मी हिला बोलावून ऐकवलं. "बघ, राहतं."

तिने पाटी उचललीसुद्धा नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ती आठ वाक्यं कुणी निवडली?"

"मीच. का?"

"आईला विचारलं होतंत?"

"अगं, रोजचं बोलणं म्हणजे काय असतं? पाणी, चहा, हो, नाही. त्यात विचारायचं काय?"

ती म्हणाली, "आई कधी कुणाला 'काळजी करू नका' म्हणालेली मी ऐकली नाही." आणि हसली. हिच्यावरच गेलीय.

२१ फेब्रुवारी

डबी चमच्यांच्या खणात सापडली. मी खण तसाच लावून टाकला. नव्या गोष्टीशी जुळायला माणसाला वेळ लागतो. घरात दिवसभर भांड्यांचा तेवढा आवाज.

दुपारी मी खण उघडून डबी एकदा चालू केली, चार्जिंग बघायला. "नमस्कार. मी बरी आहे." परत बंद केली. मग परत चालू केली. चार्जिंग पुरेसं होतं.

२३ फेब्रुवारी

मालक स्वतः घरी आले. मी दार उघडलं तेव्हा माझी थोडी पंचाईत झाली. ते सरळ हिच्यासमोर बसले. "बाई, साहेब म्हणाले विश्रांती आहे. म्हटलं तब्येत बघून येऊ."

हिने माझ्याकडे पाहिलं. नजर फार वेळ ठेवली नाही. मग पाटीवर लिहिलं, "कधी येऊ?"

ठरलं असं: मंगळवारी सकाळी एक फेरी. शिकणारी दातांची डॉक्टर, हिचीच जुनी विद्यार्थिनी, ऑपरेशनमुळे तिचं शिकणं अर्धं राहिलेलं. मालक मागे बसतील. डबीवर बोलून फेरी नीट झाली तर एक तारखेपासून ही कामावर. नाही झाली तर मालक दुसरं माणूस घेणार. त्यांनी हे चांगल्या शब्दांत सांगितलं, पण सांगितलं स्पष्ट. "माझ्या गाडीत लोक आपला जीव सोपवून बसतात, बाई. उपकार म्हणून मला कुणाला बसवता येत नाही." हिने जोरात मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं.

ते गेल्यावर ही आरशासमोर उभी राहून रुमाल तीन तऱ्हांनी बांधून बघत होती. ऑपरेशननंतर तिला असं आरशासमोर मी पाहिलं नव्हतं.

खरं लिहायचं तर मला हे नको आहे. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचणार.

२६ फेब्रुवारी

ही दुपारभर खिडकीत बसून डबीत वाक्यं घालत होती. मी चहा घेऊन गेलो तर परीक्षेत शेजारच्याने बघू नये म्हणून मुलं धरतात तसा तिने डबीवर हात धरला. प्रत्येक बटण दोनदा दाबून, कानाशी नेऊन ऐकत होती. मला इतकं बरं वाटलं! एकदाची गट्टी जमली. संध्याकाळी तिने डबी बंद केली, पुसली आणि पर्समध्ये ठेवली. उद्यासाठी चार्जिंग राखायला.

२७ फेब्रुवारी

ही चालत गेली, पर्स खांद्याला. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाली, हाताने.

नंतर दार वाजलं. मला वाटलं ही आली. तर दातांची डॉक्टर. हातात डबी.

"काका, मॅडम आल्या का? ही डबी गाडीतच ठेवून गेल्या. मी हाका मारल्या, पण त्या चालत निघाल्या."

मी तिला बसवलं. तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"सुरुवातीला मॅडमनी डबी चालू केली. ती म्हणाली, मी बरी आहे. मालक म्हणाले, वा! मग आम्ही निघालो. मोठा चौक आला. मॅडमनी बटण दाबलं. मी कान देऊन होते, आता म्हणतील डावी घे नाहीतर थांब. तर डबी म्हणाली, 'चहा घेणार का?' मी चक्क त्यांच्याकडे बघितलं, काका. रस्ता सोडून. त्यांनी दुसरं दाबलं, 'धन्यवाद.' तिसरं दाबलं, 'काळजी करू नका.' समोर दुधाचा टेम्पो. मॅडमच्या पायाशी ब्रेक असतो ना, तो त्यांनी मारला म्हणून बरं. मालक मागून माझ्या सीटवर आदळले."

"मग?"

"मग मॅडमनी गाडी कडेला घ्यायला लावली. माझा हात धरून चावी फिरवली, गाडी बंद. डबी बंद. उतरल्या आणि गेल्या. मालक म्हणाले, बाईंचा दोष नाही, पण मी आता काय करू." ती डबी माझ्याकडे देत म्हणाली, "मला मॅडमच हव्यात. त्या कशा ओरडायच्या! मला तेच कळायचं."

ही बऱ्याच उशिराने आली. पायांवर धूळ. मी म्हटलं, "अगं, झालं काय? बॅटरी गेली होती का?"

तिने पाटीवर लिहिलं, "तू रोज पुसतोस."

२८ फेब्रुवारी

कालचं राहिलेलं लिहितो.

मला राग आला होता. मी पुसतो? ज्या माणसाने रात्रीचा दिवस करून डबी केली, तो? मी म्हटलं, "थांब, तुला दाखवतोच." डबी टेबलावर ठेवली. एका बटणावर "डावीकडे घे" घातलं, 'साठवा' दाबलं. बटण दाबलं. "डावीकडे घे." पाच वेळा दाबलं, पाच वेळा "डावीकडे घे." मी हात पसरून म्हटलं, "आहे ना? कुठे पुसलं?"

हिने हात पुढे केला. डबी बंद केली. परत चालू केली.

"नमस्कार. मी बरी आहे."

मग तेच बटण दाबलं. "पाणी हवंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बॅटरी झाली, स्प्रिंग झाली, पट्टी झाली, काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून आलो. डबी मी कधी बंद केलीच नव्हती, खणातून काढून हिचा आवाज ऐकला तेव्हा सोडून. आणि ही प्रत्येक वेळी बंद करणार, तशी ती आहे हे मला लग्नापासून माहीत आहे. बंद केली की वीज गेली. चालू केली की वीज आली. वीज आली की सगळं विसर आणि तळमजल्यावर ये. डबीने मी शिकवलं तेच इमानदारीने केलं. हिने दुपारभर बसून घातलेलं सगळं माझ्या इनिटने चौकात पोचायच्या आधीच पुसून टाकलं होतं, आणि वर डबी म्हणाली होती, मी बरी आहे.

मी म्हटलं, "अगं, पण तू आधीच का नाही सांगितलंस?" विचारताना मला 'साठवा'शेजारची चिठ्ठी दिसली आणि मी ती नखाने सोलायला लागलो.

तिने लिहिलं, "मला वाटलं मुद्दाम."

"मी असं मुद्दाम का करीन?"

तिने पाटी पुसली, सावकाश. मग लिहिलं, "मालकांना परस्पर नाही कोण म्हणालं?"

चूक प्रोग्रॅमची होती, मुद्दाम नव्हती. पण ती चूक नेमकं तेच करत होती, जे मला मनातून हवं होतं. हे मला फार लागलं. आपोआप होतं त्यालाही आधी कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं.

ती आणखी लिहीत होती. अक्षर बारीक करून, सगळं मावावं म्हणून. "ती आठ वाक्यं मी तुझ्यासाठी बोलले होते. तुला ऐकायची होती म्हणून. डबीत माझं काही नव्हतंच."

मी रडलो. ही माझ्या शेजारी बसली, पण हात धरला नाही. तेही बरोबरच होतं.

१ मार्च

दुरुस्ती झाली. काम दोन ओळींचं होतं. चालू झाल्यावर डबीने आधी विचारायचं, इथे कुणी काही ठेवलंय का? असेल तर आहे तसं उचल, हात लावू नकोस. नसेल तरच सुरुवातीचं मांड. दोन ओळींचा प्रश्न, तो विचारायचाच राहून गेला होता.

पण नसेल तर काय मांडायचं, हे मला ठरवेना. या वेळी हिला विचारलं. "पहिल्यांदा उघडली की बटणांवर काय असावं?"

तिने लिहिलं, "काही नाही."

"हो, नाही, एवढं तरी?"

मान हलवली. त्यासाठी तिला मान आहे.

रिकामी बटणं म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये उभी असलेली लिफ्ट. धंद्यात असं सोडलं असतं तर नोकरी गेली असती. पण ही लिफ्ट नाही. झोपून उठलेलं माणूस तळमजल्यावर जात नाही, काल जिथे होतं तिथेच उठतं.

आठ वाक्यं मी माझ्या कंप्युटरवर उतरवून घेतली. डबीतून काढण्याआधी हिने डबी माझ्याकडून घेतली आणि समोर बसून एकेक बटण दाबलं. हो. नाही. चहा घेणार का. सगळी, शेवटपर्यंत. "काळजी करू नका" झाल्यावर डबी माझ्या हातात दिली. मी ती वाक्यं काढून टाकली. सुरुवातीचा नमस्कारही काढला. आता चालू केल्यावर डबी काहीच बोलत नाही, नुसता हिरवा दिवा लागतो.

२ मार्च

मालकांकडे गेलो. पाहुणा म्हणून नाही, गुन्हेगार म्हणून. सांगितलं, चूक माझी, हिची नाही, बटणाची नाही. आणि विश्रांतीचंही मीच परस्पर ठोकून दिलं होतं.

ते म्हणाले, "साहेब, तुम्ही लिफ्टवाले. तुमचा दोर तुटला तरी ब्रेक धरतो. माझ्या गाडीला पुढे एक बंपर आहे, बस." मग किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला. "दुसरं माणूस बघून ठेवलंय. सोमवारी त्याला हो म्हणायचंय. त्याआधी एक फेरी देतो, पण शिकणारा देणार नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई अजून दचकतात."

"मग शिकवायचं कुणाला?"

"तुम्हाला येते का गाडी?"

येत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी हिने एकदा शिकवायला घेतली होती. पहिल्याच धड्यानंतर आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं. तेव्हापासून मी आयुष्यात फक्त वर आणि खाली जातो.

"झालं तर," मालक म्हणाले. "गाडीला काही झालं तर घरचंच प्रकरण."

३ मार्च

सकाळी मैदानामागचा रुंद रस्ता. मी स्टिअरिंगसमोर, ही डावीकडे, तिच्या पायाशी तिचा ब्रेक, मागे मालक पट्टा घट्ट बांधून. गाडीची भीती होतीच, पण त्याहून डबीची जास्त. काल संध्याकाळी हिने पुन्हा खिडकीत बसून वाक्यं घातली होती आणि डबी बंद करून ठेवली होती. आतलं राहिलंय की नाही हे मी तपासलं नव्हतं. तपासू का, असं विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली होती. मी हात लावला नाही.

हिने पर्समधून डबी काढली. खटका सरकवला. हिरवा दिवा. शांतता. इतकी शांतता मी गाडीत कधी ऐकली नव्हती.

मग तिने अंगठ्याने पहिलं बटण चाचपलं.

"पट्टा."

मी पट्टा बांधायला विसरलो होतो. बांधला.

"क्लच पूर्ण. पहिला गिअर. आता पाय हळू सोड." बँकेच्या बाईचा सपाट आवाज. मी सोडला. गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. मागून मालकांचा "अगं आई."

"परत," डबी म्हणाली.

चौथ्या वेळी गाडी निघाली. मी समोरचा रस्ता असा धरला होता की डोळ्यांची पापणी हलेना. मागून एक सायकलवाला आला, बाजूने गेला, मला पत्ताच नाही. हिने शांतपणे शेवटचं बटण दाबलं.

"आरसा काय भांग पाडायला लावलाय?"

आवाज यंत्राचा. एकही शब्द वर नाही की खाली नाही. पण मी ओरडा खाल्ल्यासारखा दचकलो आणि आरशात पाहिलं, आणि आरशात मागे मालक खदखदून हसत होते, डोळे पुसत. ते म्हणाले, "आल्या! बाई आल्या!" मला पुढचं दिसेना. हिने तिच्या पायाने ब्रेक दाबला, गाडी कडेला थांबली, आणि ती माझ्याकडे वळून बघत राहिली. मी म्हटलं, "काही नाही, घाम गेला डोळ्यात."

सोमवारपासून ही कामावर. मालकांनी गाडीतूनच त्या दुसऱ्या माणसाला फोन करून नाही सांगितलं.

३ मार्च, संध्याकाळ

कंप्युटरवरची ती आठ वाक्यं मी उघडली नाहीत. उघडीन कधीतरी. ती माझी आहेत, आता तिची नाहीत, आणि तसं असायला हरकत नाही.

जेवणानंतर मी विचारलं, "कशी आहेस?"

हे मी तिला ऑपरेशननंतर विचारलंच नव्हतं. डबी आधीच सांगून मोकळी व्हायची.

हिने डबी चालू केली. कीबोर्ड सरकवला. लिहीत राहिली, खोडलं, परत लिहिलं. मला वाटत होतं आपणच काहीतरी बोलून टाकावं, दमली असशील, झोप आता, असं काहीतरी. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि टेबलाच्या कडेला हात धरून बसलो.

मग तिने बटण दाबलं.

"बरी नाही. मान दुखते, माझा आवाज मला फार आठवतो, आणि आज मला खूप मजा आली. उद्या रविवार, तुझा रिव्हर्स."

मी म्हटलं, बरं. तिने डबी बंद केली, उठली आणि जाताना दिवाही बंद करून गेली, मी अजून टेबलाशी बसलेलो असताना.